अण्णांची माकडटोपी कुणाकडे आहे?

(ग्रुप: सगळे आपलेच)

डिसेंबर, गुरुवार रात्र

दादा: मंडळी, जानेवारीच्या लाँग वीकेंडचं ठरवून टाकू या. मार्टिन ल्यूथर किंगची सोमवारची सुट्टी तिन्ही घरांना आहे, अण्णा-माई फेब्रुवारीत परत चाललेत, त्याआधी सगळे एका छपराखाली यायचे असतील तर हाच चान्स. मी पोकेगन बघून ठेवलंय.

बाळ्या: ते काय असतं

दादा: स्टेट पार्क. इंडियानात, अँगोलापाशी, लेक जेम्सच्या काठावर. पार्कच्या आतच लॉज आहे, पोटावाटोमी इन. तुला कार्मेलहून ६९ नंबरने सरळ वर यायचंय, ताईला नोव्हायहून दोन-सव्वादोन तास, आम्हाला नेपरव्हिलहून तीन. मी एक्सेल केलंय, पाठवतो.

बाळ्या: एक्सेल आलं म्हणजे ठरलंच

ताई: जानेवारीत? जंगलात? अण्णांना घेऊन?? दादा शुद्धीवर आहेस ना. त्यांच्या मणक्याची गादी सरकलेली आहे, बर्फावर पाय घसरला तर मी काय करू तिथे. फ्लोरिडाला जाऊ की मस्त उन्हात.

बाळ्या: नऊ जणांची फ्लोरिडाची तिकिटं बघ आणि मग बोल

ताई: बघितली. असो.

आत्या (पुणे): अरे पण लॉजवर कशाला उतरताय. अण्णांच्या वयाला शोभतं का. इथे स्टँडसमोर असतात तसलेच ना, चादरी तरी बदलतात का

वहिनी: हाहाहा आत्या नाही हो, इथलं लॉज वेगळं. आपल्या एमटीडीसीचं कसं असतं, सरकारी जागा, मोक्याच्या ठिकाणी, तसं समजा. आत हीटिंग आहे, पोहायचा तलाव पण इमारतीच्या आतच, मोठी शेकोटीची खोली आहे, पुस्तकं आहेत. ज्याला बाहेर जायचंय त्याने झाडीत जावं, ज्याला नाही जायचं त्याने काचेतून बर्फ बघत चहा प्यावा.

आत्या (पुणे): मग ठीक आहे. वाघबिघ?

भावजी: आत्या, खारी आहेत. फार तर हरणं.

अण्णा: मला चालेल. इमारत कुठल्या सालची?

दादा: पार्क १९२५ चं, इन १९२७ चं अण्णा. नंतर वाढवलंय बरंच. आणि तिथे टोबोगन रन आहे, म्हणजे लाकडी फळीवर बसून बर्फाच्या पन्हाळीतून खाली यायचं. १९३५ मध्ये बांधलेली. आता त्या पन्हाळीखाली गारठा ठेवायची यंत्रणा आहे त्यामुळे बर्फ पडो न पडो, चालू असते.

ताई: अण्णा त्यावर बसणार नाहीत हे आत्ताच लिहून ठेवते. स्क्रीनशॉट काढा कुणीतरी.

अण्णा: बरं.

वहिनी: संक्रांत पण तेव्हाच येतेय माई. गूळपोळ्या इथूनच करून नेऊ, तिथे रूममध्ये शेगडी नाही. मेतकूट, भाजके पोहे आणि इलेक्ट्रिक किटली मी घेते. तुपाची बरणी कुणीतरी आठवणीने घ्या, मागच्या वेळी सगळ्यांनी आणली होती आणि मीठ कुणीच नव्हतं आणलं.

माई: मी तिळाच्या वड्या करते. काळी साडी पण घेते.

(मधले तीन आठवडे कोण कुणाच्या खोलीत झोपणार आणि बूट कुणाचे वॉटरप्रूफ आहेत यात गेले.)

जानेवारी, शुक्रवार

ताई: आम्ही पोचलो. माई-अण्णा ठीक. झाडी इतकी जवळ आहे की खिडकीतून हात घातला तर फांदीला लागेल. सई आल्या आल्या पूलमध्ये.

बाळ्या: मी पण आलो. तळं पूर्ण गोठलंय आणि लोक त्यावर छोटे तंबू ठोकून आत बसलेत, भोक पाडून मासे धरतात. मी जाऊन येऊ का चालत

ताई: अजिबात नाही.

बाळ्या: अगं स्वच्छ कडक बर्फ चार इंच असला की माणूस चालू शकतो, डीएनआरवाले (इथलं सरकारी निसर्गसंपदा खातं) सांगतात

ताई: तू मोजलास का?

बाळ्या: नाही

ताई: मग गप बस.

ताई: दादा कुठे आहात? सात वाजले, टेबल सातचं आहे, नऊ खुर्च्या मांडून ती मुलगी दोनदा विचारून गेली.

दादा: सात कुठे, सहा वाजलेत अजून. एकदम वेळेत आहोत आम्ही, साउथ बेंडच्या पुढे आलो.

भावजी: दादा, तुम्ही टाइम झोन ओलांडलात.

दादा: म्हणजे

भावजी: शिकागो सेंट्रल, पोकेगन ईस्टर्न. इंडियानाचा वायव्येकडचा कोपरा तुमच्या घड्याळावर चालतो आणि हा ईशान्येचा आमच्या. एक तास गेला तुमचा, एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमला टाकायचा बघा.

दादा: अरे देवा

वहिनी: मी साउथ बेंडच्या अलीकडेच म्हटलं होतं. मी म्हटलं होतं की फोन वेगळी वेळ दाखवतोय आणि गाडीतलं घड्याळ वेगळी, तर म्हणे फोनचं नेटवर्क गंडलंय. आणि त्यात लेक मिशिगनवरून वारा सुटला की तळ्याची सगळी वाफ बर्फ होऊन साउथ बेंडवरच पडते, लेक इफेक्ट, पंधरा मिनिटं पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडून काही दिसत नव्हतं, मी रामरक्षा म्हणत होते आणि ओंकार हेडफोन लावून झोपला होता.

माई: सावकाश या. आम्ही जेवून घेतो, तुमच्यासाठी गूळपोळ्या आहेत.

शनिवार सकाळ

दादा: ज्यांना टोबोगन करायचंय त्यांनी साडेनऊला लॉबीत या, नंतर फोर्ट वेनपासूनचं पब्लिक येतं आणि तास तास लाईन लागते. टोबोगन तासावर भाड्याने मिळते, एकीवर चौघं. साडेनऊ म्हणजे ईस्टर्न साडेनऊ.

बाळ्या: दादा शिकला

ताई: मी सईला घेऊन पूलवर आहे. अण्णा?

अण्णा: मी शेकोटीपाशी बसतो. मग ओंकार मला गेटजवळचं दगडी काम दाखवणार आहे.

ताई: थँक्यू अण्णा. टोपी घाला, कान झाका. बाहेर उणे आठ आहे, सेल्सिअस.

वहिनी: काय लाईन आहे बापरे. पण व्यवस्था चांगली. लाकडी मनोरा चढून जायचं, तीसेक फूट असेल, वर पोरं उभी असतात ती बसवतात. पहिल्याने पाय पुढच्या वळलेल्या फळीखाली खुपसायचे, मागच्याने पुढच्याच्या कमरेभोवती पाय घालायचे, हात आत, आणि मग एक खटका ओढतात आणि जमीनच जाते पायाखालची. दोन पन्हाळी शेजारी शेजारी आहेत त्यामुळे रेस लागते. मी ओरडले नाही असं मला वाटत होतं पण बाळ्याभावजी म्हणतात झाडावरचा बर्फ पडला.

बाळ्या: १७८० फूट, उतार नव्वद फुटांचा, वेग चाळीस मैलांच्या आसपास जातो. म्हणजे पासष्ट किलोमीटर, आत्यासाठी सांगतोय. आणि ना ब्रेक ना स्टिअरिंग. अर्ध्या मिनिटात खेळ खलास आणि मग ती फळी ओढत परत वर.

आत्या (पुणे): हे सगळं करायला पैसे देता तुम्ही?

ओंकार: (व्हिडिओ)

ओंकार: हा मेसेज डिलीट केला

ताई: काय डिलीट केलंस ओंकार

ओंकार: चुकीच्या ग्रुपवर टाकला आत्तू. स्कूलचा होता

ताई: बरं. आजोबा कुठेत?

ओंकार: दगड बघतायत

भावजी: माईंची ख्याती झालीये इथे. सकाळी शेकोटीजवळ एक अमेरिकन आजी हजार तुकड्यांचं जिगसॉ लावत बसल्या होत्या, माईंनी शेजारी बसून न बोलता आकाशाचा अख्खा निळा कोपरा लावून दिला आणि हातावर तिळाची वडी ठेवली. त्या आजींनी विचारलं हे काय, तर माई म्हणाल्या ‘स्वीट टॉक’. मी खाली मान घालून कॉफी प्यायलो.

शनिवार रात्र

आत्या (पुणे): अण्णा, दगड कसे होते रे? एवढा लांब दगड बघायला गेलास ते सांग तरी.

अण्णा: सविस्तर लिहितो, चष्मा सापडला. गेटपाशी दगड आणि ओंडक्यांचं छोटं घर आहे. दगड घडीव नाहीत, गोटे आहेत, भाकरीएवढे, काही घमेल्याएवढे, तांबडे, करडे, हिरवट, एकाच्या जातीचा दुसरा नाही. ओंकारने फोनवर वाचून सांगितलं की हिमयुगात बर्फाच्या लाटेने हे उत्तरेकडून ढकलत आणले आणि वितळताना इथेच टाकले, त्या टेकड्या आणि हे तळंही त्यातलंच. गोट्यांचं बांधकाम अवघड असतं, गोल दगड बसत नाही, लडबडतो, पण इथे सांधे एकसारखे आणि दरजा अजून धरून आहेत. मी नखाने खरवडून बघितलं. हे कुणी केलं म्हणाल तर गवंड्यांनी नाही. १९२९ नंतर इथे मंदी आली, पोरं रिकामी, तेव्हा रुझवेल्टने १९३३ मध्ये सीसीसी म्हणून योजना काढली. अठरा ते पंचवीसची बेकार पोरं, तंबूत आणि बराकीत राहायचं, जंगलात झाडं लावायची, रस्ते, पूल, असल्या इमारती. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस थेट घरी आईबापाला जायचे. ती टोबोगनची पन्हाळही त्यांचीच. हे ऐकल्यावर मला बहात्तर आठवलं. मी तेवीस वर्षांचा ओव्हरसियर, नवीन लागलेला, तासगाव भागात पाझर तलावाच्या कामावर, मस्टरवर रोज सहाशे-सातशे नावं. बाया खडी फोडायच्या, पोरं झाडाखाली झोपवलेली. दुपारी सुकडी वाटायची. रेशनला लाल मिलो यायची, ती तुमच्या या अमेरिकेतूनच आलेली, तिची भाकरी थापताना मोडायची. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पागेसाहेबांची रोजगार हमी पुढे सगळ्या राज्याला लागू झाली, १९७७ ला कायदा झाला. आम्ही बांधलेल्या तलावात अजून पाणी थांबतं पण तिथे कुणी पाटी लावलेली नाही. इथे पाटी आहे. बाकी त्या पन्हाळीचं काम पण चोख, उतार बघता दुसऱ्या उंचवट्यावर पोटात गोळा येतो. असं ओंकार म्हणत होता.

दादा: अण्णा हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

अण्णा: तुम्ही विचारलं नव्हतं. आणि पुढे ८० साली तू गोवर निघाल्यासारखा सारखा रडायचास, तेव्हा सांगणार कुणाला.

ओंकार: फॉर द रेकॉर्ड पोटावाटोमी हे इथल्या लोकांचं नाव आहे, हॉटेलचं नंतर. १८३८ मध्ये त्यांना बंदुकीच्या धाकावर इथून कॅन्ससला चालवत नेलं, वाटेत खूप मुलं मेली. लिओपोल्ड पोकेगनने आपले लोक वाचवले, ते मिशिगनमध्येच राहिले. पार्कला त्याचं आणि त्याच्या मुलाचं नाव आहे. मी प्रोजेक्ट करतोय यावर

आत्या (पुणे): हुशार आहे हो पोरगा.

मंगळवार, सगळे आपापल्या घरी

दादा: हिशोब टाकलाय, बघून घ्या. तूप चार बरण्या आली होती, मीठ यावेळी पण नाही.

वहिनी: अण्णांची माकडटोपी कुणाच्या बॅगेत आलीये का? चॉकलेटी, कडेला फाटलेली. बावीस वर्षं जुनी आहे, त्यांचा जीव आहे तिच्यात.

बाळ्या: माझ्याकडे नाही

ताई: आमच्या गाडीत नाही. अण्णा शेवटची कुठे घातली होती आठवतंय का? शेकोटीपाशी काढून ठेवली का?

अण्णा: असेल कुठेतरी.

ताई: असं कसं, जेवणाच्या टेबलाशी होती का नव्हती? शनिवारी दगड बघायला गेलात तेव्हा होती ना?

अण्णा: जाताना होती.

ताई: आणि येताना?

अण्णा: राहू दे ग. जुनी होती.

दादा: मी लॉजला फोन करून लॉस्ट अँड फाउंडला विचारतो, फक्त कुठे पडली ते नक्की सांगा.

आत्या (पुणे): अरे त्या घसरगुंडीवर विचार. ओंकारने पाठवलेल्या त्या व्हिडिओत वरून निघताना अण्णाच्या डोक्यावर आहे आणि खाली पोचतो तेव्हा नाहीये.

ताई: कुठला व्हिडिओ

आत्या (पुणे): शनिवारचा. इथे रात्रीचे अकरा वाजले होते, मी जागीच होते, माझ्या फोनमध्ये आपोआप सेव्ह होतात सगळे. अण्णा, छान दिसत होतास हो. हात वर केलेस ते मात्र चुकलं, हात आत ठेवायचे असतात ना?

ताई: अण्णा!!!!

ताई: ओंकार!!!!

ओंकार: मी फक्त शूट केलं

ताई: दादा तू कुठे होतास???

दादा: मी लाईनमध्ये होतो. खरंच. म्हणजे मला नंतर कळलं.

ताई: म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. छान. माई तुला तरी सांगायचं होतं मला, तू तर तिथे शेकोटीपाशी जिगसॉ लावत होतीस ना

माई: वन्सं, मी कशी दिसत होते ते नाही सांगितलंत?

आत्या (पुणे): तू कुठेस त्यात?

माई: मागे. त्यांची कंबर धरून. काळी साडी.

आत्या (पुणे): ते गाठोडं म्हणजे तू होय! थांब, परत लावते.