मदत हवी आहे: स्पॅनिशमधलं 'आबेर' आणि माझी मराठी

नमस्कार मंडळी. पुण्यात स्पॅनिशचा ए-टू लेव्हलचा क्लास करतेय, ऑफिसात रोज मेक्सिकोच्या टीमशी गाठ असते म्हणून. सगळं बरं चाललं होतं, पूर्ण काळ आले आणि गाडी रुतली.

नियम पाठ आहे. आबेर या साहाय्यक क्रियापदाची (आपल्या 'आहे, होते'सारखं) रूपं ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन (लिहिताना सुरुवातीला एच, बोलताना गायब) आणि त्यापुढे आदो-इदोवालं रूप: आब्लादो, कोमिदो, विविदो. एचो, दिचो, विस्तो, पुएस्तो ही वाकडी मंडळीही घोकून झाली.

तरी 'मी चिठ्ठी लिहिली आहे' याचं मी 'ए एस्क्रिता ला कार्ता' केलं आणि लाल रेघ मिळाली. कार्ता स्त्रीलिंगी ना? पुढच्याच धड्यात 'ला कार्ता एस्ता एस्क्रिता' मात्र चालतं! मग 'काल मी मुंबईला गेले होते' याला 'आयेर आबिया इदो आ मुंबई' लिहिलं. तेही चूक. 'होते' म्हणजे आबियाच ना?

आणि जेवलीस का, हे स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकात 'या आस कोमिदो?' आहे, माझे सहकारी 'या कोमिस्ते?' विचारतात. परीक्षेत काय लिहू?

प्रतिसाद १
पहिली चूक अस्सल मराठी आहे, मीही वर्षभर केली. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले म्हणतो. क्रियापद कर्माच्या मागे धावतं. स्पॅनिशमध्ये आबेर आलं की पुढचं रूप 'ओ'वर गोठलं. कर्म कोणतंही असो, बोलणारी बाई असो की बुवा, ए एस्क्रितोच. एस्तारबरोबर (म्हणजे 'असणे', तुमच्या वाक्यातलं एस्ता) मात्र तेच रूप विशेषण होतं, म्हणून कार्ताशी जुळतं.
आणखी एक, आबेर आणि त्या रूपाच्या मध्ये काही घुसवू नका. 'अजून पाहिलं नाही' म्हणजे 'तोदाविया नो लो ए विस्तो'. नो, लो, सगळे आधी.

प्रतिसाद २
'काल गेले होते'मध्ये आपण नुसतं जाऊन आल्याचं सांगतो. तिथे साधा भूतकाळ: 'आयेर फुई आ मुंबई'. आबियाला भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, जिच्या आधी हे घडून गेलं. 'क्वांदो येगे, एल त्रेन या आबिया सालिदो', मी पोचले तेव्हा गाडी सुटली होती.
कोमिस्ते की आस कोमिदो, दोन्ही बरोबर. माद्रिदवाले आज घडलेल्या गोष्टीला बहुधा आबेर लावतात, मेक्सिकोवाले साध्या भूतकाळावर भागवतात. (स्पेनमध्येच गालिसिया, आस्तुरियासकडेही साधाच जास्त.) पण 'तो अजून आला नाही' हे मेक्सिकोतही 'तोदाविया नो आ येगादो'. देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत दोन्ही पद्धती चालतात, फक्त सरमिसळ नको.
एका ठिकाणी मराठी बिनधास्त वापरा. 'पोचला असेल' हा अंदाज जसाच्या तसा 'आब्रा येगादो' होतो.

धागाकर्ती
अरे वा! म्हणजे 'मॅडम झोपल्या असतील' हे 'ला प्रोफेसोरा से आब्रा दोर्मिदो'? साडेअकरा वाजलेत, हेच विचारायला त्यांना मेसेज टाकणार होते.

प्रतिसाद १
बरोबर. 'दोर्मिदा' केलं नाहीत, शाब्बास. मेसेज उद्या टाका.