कवळी बसवली तरी बाबांना भाकर चावता येईना, जबड्याचा जोर वयानं कमी होतो का?

परभणीकर: राम राम मंडळी. बाबा ७६ वर्षांचे, दिवाळीत नवी कवळी बसवली, दुखत-बिखत काही नाही, तरीबी ज्वारीची भाकर दोन घासातच सोडून द्यायलेत, म्हणतात जबडा भरून येतो. घास तोंडात नुसता घोळवत बसतात अन् जेवण झाल्यावर बी गालात शेंगदाण्याचं कूट तसंच राहतं. आई आता रोज गरगट खिचडीच द्यायली. वयाचंच म्हणायचं का हे?

दातांची डॉक्टर, लातूर: दादा, कवळीनं दात येतात, जोर येत नाही. मूळच्या दातांपुढं कवळीचा चावा कितीतरी कमी, त्यात वय झालं की मॅसेटर, म्हणजे दात आवळले की गालात टणक लागतो तो स्नायू, मांड्या वाळतात तसा बारीक होतो. अन् जिभेकडं कुणी बघतच नाही. घास दाढांखाली ढकलायचा, गोळा करून मागं सरकवायचा हे सगळं तिचं काम, तिचा टाळूवरचा दाब उतारवयात घटतो. रोजचं गिळणं निभतं, पण शिल्लक बळ कमी होतं, म्हणून चार दिवस तापानं पडले की लगेच ठसके लागतात. गालात कूट राहतंय म्हणजे जीभ कमी पडायली. ठसका लागत नसेल तर नुसत्या खिचडीवर ठेवू नका, चावणं सुटलं की स्नायू अजूनच वाळतात. भाकर वरणात कुस्करून द्या, अंडं द्या.

बीडचा भाऊ: आमच्या मायचं तोंड कोरडं पडायचं, घास भिजायचाच नाही. बीपीच्या गोळीमुळं होतं म्हणले, डॉक्टरनं बदलून दिली. अन् स्पीच थेरपिस्टनं जीभ टाळूला दाबून धरायची, सोडायची असा व्यायाम दिला, दोन महिने तरी करा म्हणले. माय शिरेल बघत बघत करती, कुणी आलं की लाजून बंद 😄

जालनेकर: जपानात १९८९ पासून ‘८०२०’ मोहीम आहे, ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात. आपल्याकडं पन्नाशीतच मिसरी लावून लावून हिरड्यांची वाट.

दातांची डॉक्टर, लातूर: एक सांगायचं राहिलं. अचानक जीभ जड झाली, बोलणं अडखळलं तर ते वय नाही, लकवा असू शकतो, तडक दवाखाना. पाणी पिताना सारखा ठसका लागला तरी दाखवा. अन् सुपारी-गुटख्यानं तोंड उघडणं कमी होतं ते वेगळंच, तोंडात उभी तीन बोटं जातात का बघा.

परभणीकर: ताई, सुपारी तर रोजचीच आहे. आत्ताच बघितलं, दोनच बोटं जायलीत.

दातांची डॉक्टर, लातूर: मग जबडा भरून यायचं कारण तेबी असू शकतं. सुपारी आजपासून बंद, अन् याच आठवड्यात तोंड दाखवून घ्या.