चिमूची मतपत्रिका

रविवार, 20 ऑक्टोबर 2024

नीलू: कोजागिरीचे फोटो आत्ता निवांत बघितले. आबा छान दिसताय. आमच्याकडची बातमी म्हणजे चिमूला टपालाने मतपत्रिका आलीय. खरीखुरी, सरकारी, तिच्या नावाची.

दादा: चिमू 17 ची ना? तिकडे 18 पूर्ण लागत नाहीत?

नीलू: राष्ट्राध्यक्षासाठी 18 च लागतात. पण कॅलिफोर्नियात आमच्या ओकलंडमध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीत 16-17 च्या मुलांनाही मत आहे. शेजारच्या बर्कलीत लोकांनी 2016 ला मतदान करून हे मंजूर केलं, ओकलंडने 2020 ला. अंमलात यायला मात्र आत्तापर्यंत थांबावं लागलं, 5 नोव्हेंबरला दोन्हीकडे पहिल्यांदाच.

दादा: कौतुक आहे, पण एवढ्या पोरांना त्यातलं काय कळणार? आईबाप सांगतील तिथे खूण करतील.

चिमू: मामा, आईबाबांना मतच नाहीये. ते इथले नागरिक नाहीत, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. आमच्या घरात मत फक्त मला आहे.

बंटी: 🙌 एक नंबर चिमू

दादा: हे लक्षात नव्हतं आलं. पण नीलू, शाळा मंडळ म्हणजे आपल्याकडची शाळा समितीच ना? फर्निचर, स्नेहसंमेलन वगैरे?

नीलू: नाही रे दादा, तेच सांगायचंय, थोडं लांब होईल. इथे सात जण निवडून जातात आणि शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार बघतात. वरचा अधिकारी तेच नेमतात, पैसे कुठे घालायचे तेच ठरवतात, शाळा बंद करायची की ठेवायची तेही. फेब्रुवारी 2022 मध्ये पैशाची तूट भरून काढायला मंडळाने बऱ्याच शाळा बंद करायचा किंवा एकमेकींत मिसळायचा निर्णय घेतला. दोन शिक्षक उपोषणाला बसले, एका शाळेत तर पालक इमारत सोडेनात. तरी निर्णय हलला नाही. नोव्हेंबरात निवडणूक झाली, काही सदस्य बदलले, आणि जानेवारी 2023 मध्ये त्यातल्या पाच शाळा बंद करायचा निर्णय नव्या मंडळाने मागे घेतला. तुटीचं गणित अजून सुटलेलं नाही, तो प्रश्न खराच आहे. पण उपोषणाने जे झालं नाही ते निवडणुकीने झालं, हे मी इथे राहून बघितलंय.

चिमू: पाण्याचं पण सांग आई

नीलू: हो. ऑगस्टमध्ये इथल्या बऱ्याच शाळांच्या नळांच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसं निघालं. ही मर्यादा केंद्राची नाही हं. केंद्राचा आकडा 15 पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत 15 भाग. इथल्या शाळांनी स्वतःसाठी तो 5 वर आणून ठेवलाय. म्हणजे गावातली सात माणसं केंद्रापेक्षा कडक नियम करू शकतात, आणि नळ वेळेवर बदलले नाहीत तर त्याच सात जणांना विचारता येतं. ते पाणी रोज पिणारी मुलं 14, 15, 16 वर्षांची. आजवर त्यांच्यातल्या एकालाही मत नव्हतं!

वहिनी: अगदी पटलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने 75 टक्के सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर किती चांगलं आहे! पण निवडीच्या पालकसभेला माणसं जमवताना आम्हा शिक्षकांच्या तोंडचं पाणी पळतं. तरणे आईबाप तर फिरकतच नाहीत. मग जो दरवर्षी येतो तोच अध्यक्ष.

आबा: मी वाचतो आहे सगळे. मला एक सांगायचे आहे, टंकायला वेळ लागेल.

दादा: सावकाश, आबा.

आबा: मी हायस्कूलला शिकवत असताना एक वर्षी शाळा सकाळची करायचे ठरले. सभेत आम्ही सगळे मोठे. संस्थेचे लोक, शिक्षक, गावातले चार प्रतिष्ठित. सोयीचे होते, सर्वांनी हात वर केले. मीही केला. वरच्या वाडीची एस. टी. साडेनऊशिवाय येत नाही, हे त्या खोलीत कोणाच्याही ध्यानात आले नाही. मुलांना ते माहीत होते, पण मुलांना विचारतो कोण. महिन्याभरात वाडीच्या चार मुली शाळेतून बंद झाल्या. पुढच्या वर्षी वेळ पूर्ववत केली. चौघींतली एकच परत आली. बाकीच्या तिघी मला अजून आठवतात. म्हणून म्हणतो, पोरांना काय कळते असे म्हणू नये. एस. टी. किती वाजता येते ते त्यांनाच कळते.

बंटी: आबा, हे तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं.

आबा: सांगण्यासारखे नव्हते, बाळा.

दादा: आबा, माझं चुकलं, मी सहज बोलून गेलो. चिमू, तू नीट वाचून मत दे.

चिमू: हो मामा 😊 एक प्रॉब्लेम आहे. इथे एका नावावर खूण करायची नसते. पहिली पसंती, दुसरी पसंती असं भरायचं. मला पहिली ठरवता येत नाहीये. ती रिकामी ठेवून फक्त दुसरी भरली तर?

आबा: असे मुळीच करू नको! ही आमचीच पद्धत झाली. शिक्षक मतदारसंघात विधान परिषदेला मी असेच मत देत आलो. जांभळा पेन तेच देतात, नावासमोर 1, 2, 3 आकडे घालायचे. आकडा 1 नसेल तर मत बाद.

वहिनी: आम्हा प्राथमिकच्या शिक्षकांना तिथे मतच नाही, हे आजही खुपतं मला.

नीलू: आबा, इथे बाद होत नाही, दुसरी पसंती पहिली धरतात. पण 2022 ला ओकलंडच्या चौथ्या विभागात ह्यावरूनच घोळ झाला. पहिली पसंती कोरी असलेल्या मतपत्रिका मोजण्याची यंत्रणा चुकीची लावली होती. निकाल जाहीर झाला, मग चूक कळली, आणि खरा विजेता दुसराच निघाला. इतक्या थोड्या मतांचा फरक! शाळा मंडळाची निवडणूक एवढी लहान असते की एका वर्गातली मुलं ठरवून गेली तरी निकाल फिरू शकतो.

बंटी: आत्या, मला 20 नोव्हेंबरला विधानसभेचं पहिलं मत आहे. पण खरं सांगू? महापालिकेच्या शाळा नगरसेवकांच्या हातात, आणि पुण्यात मार्च 2022 पासून नगरसेवकच नाहीत. प्रशासक आहेत. शाळेबद्दल विचारायचं कोणाला?

नीलू: ओकलंडने हेही भोगलंय रे. 2003 मध्ये पैसे संपले, राज्याने कर्ज दिलं आणि कारभार हातात घेतला. कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे परत यायला 2009 उजाडलं. बंटी, तुमची निवडणूक लागेल तेव्हा तू आणि तुझे मित्र पहिल्या रांगेत दिसायला हवेत.

बंटी: नक्की. आमच्यातल्या दोघांनी अजून मतदार नोंदणीचा नमुना 6 भरलेला नाही. उद्या लॅपटॉप घेऊन बसतो त्यांच्याबरोबर.

आबा: चिमू, सगळ्या उमेदवारांची माहिती मला फोनवर वाचून दाखव. मत तुझे, मी फक्त ऐकतो. आणि प्रत्येकाबद्दल एक बघ, नळांचे काही बोलला आहे का.

चिमू: आबा, उद्या तुमच्या सकाळी साडेसातला फोन करते. पाकिटावर सही पण करायची असते, ती मराठीत केली तर चालेल का आई?

नीलू: नोंदणीच्या वेळी जशी केली होतीस तशीच कर गं. ती जुळवून बघतात.