मदत हवी आहे: कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मचे प्रश्न विद्यार्थ्यांनी ठरवायचे तर सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आयक्यूएसीवर (कॉलेजची गुणवत्ता पाहणारी अंतर्गत समिती) विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझं नाव आहे. हे काम आजवर मीटिंगला बसून सही करण्यापुरतंच असायचं. यंदा मॅडम स्वतःहून म्हणाल्या, "फॉर्म कोणी मनापासून भरत नाही, प्रश्न तुम्हीच सुचवा."

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचे २१ प्रश्न ठरलेलेच असतात, त्यांना हात लावता येत नाही. मी बोलतोय ते कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मबद्दल. पण तोही त्याचीच नक्कल! पहिलाच प्रश्न: अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? ७० ते ८४ की ८५ ते १००? हे बाकावर बसून कोणाला समजते बाप्पा? प्रॅक्टिकल खरंच झालं की नुसतं जर्नल उतरवून घेतलं, इंटर्नलचे मार्क दाखवले का, सकाळचा पहिला तास उमरेड-कामठीहून येणाऱ्यांना गाठता येतो का, हे कोणी विचारतच नाही. वरून फॉर्मवर रोल नंबर. इंटर्नल त्याच सरांच्या हातात, म्हणून सगळे 'उत्तम'वर टिक मारून मोकळे.

प्रश्न काढायला कोणाला बोलवू? नुसते सीआर (वर्ग प्रतिनिधी) बोलावले तर सरांच्या मर्जीतलेच येतील. आणि नाव न घेता एकानेच पाच फॉर्म भरू नयेत, याला उपाय काय?

प्रतिसाद:
संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून लिहितो. प्रत्येक वर्षाच्या हजेरीपटातून चिठ्ठ्या काढून मुलं निवडा. चर्चेला त्या विभागाचे शिक्षक नकोत. 'प्रश्न सुचवा' म्हटलं की सगळे गप्प बसतात. 'मागच्या सत्रात कुठे अडलं' विचारा, प्रश्न त्यातूनच निघतील. मग कच्चा फॉर्म चार-पाच जणांना मोठ्याने वाचायला लावून काय समजलं ते ऐका. 'सर वेळेवर येतात व नीट शिकवतात का' असे जोडप्रश्न तिथेच सापडतात, ते तोडा. रोल नंबरऐवजी एकदाच चालणारे कोड छापून डब्यात टाका, ज्याने त्याने उचलावा. निकाल नोटीस बोर्डावर लावायचं मॅडमकडून आधीच कबूल करून घ्या. फीडबॅकवर काय केलं हे नॅकला दाखवावंच लागतं, त्यामुळे त्यांनाही ते सोयीचं आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद सर, कोडचं जमते. पण एका ऐच्छिक विषयाला मोजकीच पोरं आहेत. तिथे मोकळ्या उत्तराची भाषा पाहूनच कोणी लिहिलं ते कळेल. तो रकाना काढून टाकू का?