खानापूर भागातली पावसाळी ओल : अख्ख्या घराला एकच डीह्युमिडिफायर बसवावा का?

जांबोटीरोड
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-जांबोटी रस्त्याला आहे. पुढचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. मागे नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. मृग लागला की दसऱ्यापर्यंत घर कोरडं म्हणून होत नाही. कपाटामागे बुरशी, गाद्यांना कुबट वास, मिठाला पाणी सुटतं. आईला दमा आहे आणि डॉक्टरांनी ओल-बुरशीपासून लांब ठेवा म्हणून सांगितलंय. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे अख्ख्या घराला मिळून हवेतली ओल काढणारं एक मशीन (डीह्युमिडिफायर) बसवतात, तसंच करूया, पैसे मी पाठवतो. आपल्याकडे कुणी बसवलंय का? किती लिटरचं घ्यावं?

शहापूरवाली
दादा, पैसे गुंतवायच्या आधी एक साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, आणा. पाचशेच्या आत मिळतो. आईंच्या पलंगाजवळ, कपाटामागे, स्वयंपाकघरात असा फिरवून आकडे लिहून ठेवा. ५० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असेल तर काळजी नाही. ७० च्या वर सतत राहिलं की बुरशी धरतेच. आमच्याकडे हातमागाच्या जुन्या साड्या आहेत, त्यामुळे मी पावसाळाभर त्या आकड्यावर डोळा ठेवून असते.

मलप्रभाकाठ
मी एसी-फ्रीजची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ म्हणतात ते मशीन डक्टवर, म्हणजे खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या मोठ्या नळ्यांवर, चालतं. तिकडच्या घरात गरम-गार हवेसाठी आधीच डक्ट फिरवलेले असतात, दारं-खिडक्या घट्ट बसतात. मशीन त्याच डक्टला जोडतात, म्हणून ते अख्खं घर कोरडं ठेवू शकतं. आपल्याकडे डक्टच नाही, आणि कौलांतून तर हवा दिवसभर ये-जा करते.

हिशेब बघा. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २४ अंशाला आर्द्रता ९० टक्के असेल, तर ती ५५ वर आणायला घनमीटरमागे साडेसात ग्रॅम पाणी काढायचं. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून जेमतेम पाव लिटर. पण बाहेरची हवा तासाला एकदा जरी बदलली, तरी दिवसाला सहा लिटर झाले. कौलारू खोलीत ती तासाला पाच वेळा बदलली तर तीस लिटर. तिथे मशीन कितीही मोठं घ्या, ते जांबोटीचा पाऊसच सुकवत बसणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्लॅबची एक खोली आईंसाठी घट्ट करा. दाराखाली रबरी पट्टी लावा, खिडकीच्या फटी बुजवा, आणि तिथे सुटं मशीन ठेवा. लिटरचा आकडा, म्हणजे मशीन दिवसाला किती पाणी काढतं ते, वाचताना सावध राहा. बॉक्सवरचा आकडा बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेला असतो. आपल्याकडे जुलैत पारा बावीस-चोवीसच्या आसपास असतो, त्यात खोली ५५-६० वर आली की काढलं जाणारं पाणी निम्म्यावर येतं. त्या खोलीला १२ लिटरच्या खालचं घेऊ नका, १६ चं मिळालं तर उत्तम. आणखी एक, हे मशीन खोली थोडी गरम करतं. पावसाळी गारठ्यात ते बरंच वाटतं.

चिरेबंदी
मलप्रभाकाठ यांच्याशी सहमत, पण भिंतीचं काय? जांभा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओलीचा पट्टा दिसत असेल, तर ते पाणी खालून चढतंय. मशीन रोज ते हवेतून काढणार आणि भिंत रोज नवीन देणार. आधी कौलांना पन्हळ लावून पाणी घरापासून लांब सोडा, जोत्याभोवती उताराची फरशी करा. आणि कृपा करून आतून वॉटरप्रूफ रंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल अडकून आणखी वर चढते आणि पोपडे धरतात. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, तो श्वास घेतो.

शहापूरवाली
आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका हं. एका बादलीच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. स्वयंपाकघराला एक्झॉस्ट फॅन लावा, भात-डाळ शिजताना चालू ठेवा.

जांबोटीरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टा खालूनच आहे, म्हणजे पन्हळ आणि फरशीचं काम गवंड्याला आधी सांगतो. एक विचारायचं राहिलं. पावसात आमच्याकडे लाईट सारखी जाते. मशीनला त्रास होईल का? आणि बिल?

मलप्रभाकाठ
घेताना ऑटो रीस्टार्ट आहे का ते विचारा. नाहीतर लाईट आल्यावर मशीन बंदच राहतं आणि रात्री कुणाच्या लक्षात येत नाही. काँप्रेसरला परत सुरू व्हायला तीनेक मिनिटं लागतात, तो बिघाड नव्हे. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच. ३०० वॉटचं मशीन दहा तास अखंड चाललं तर तीन युनिट. ५५ वर सेट केलंत तर मधे मधे आपोआप थांबतं. टाकीवर अवलंबून राहू नका, पाईप जोडून मोरीत सोडा, आणि मशीनची हवा गाळणारी जाळी पंधरा दिवसांनी धुवा. आईंना दमा आहे, तेव्हा जाळी त्यांच्या खोलीत झटकू नका, बाहेर नेऊन धुवा.