मदत हवी आहे: पोलीस भरती, 800 मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय भरून येतात

माणदेशी
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण पोलीस भरतीची तयारी करतेय. लेखीची काळजी नाही, मैदानीची आहे. गोळा छान जातो, 100 मीटरही बरं आहे, घोडं अडतं ते 800 मीटरला. पूर्ण 20 गुण हवे असतील तर 2 मिनिटे 50 सेकंदांच्या आत यावं लागतं. ती 3:05 च्या आसपास अडकली आहे.

दोन्ही फेऱ्यांची वेळ वेगवेगळी घेतली. पहिले 400 मीटर 75 सेकंदांत, दुसरे जवळजवळ 110. शेवटच्या वळणावर खांदे कानाकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, पाऊल आखूड पडायला लागतं. ती म्हणते, "दादा, दम आहे, पण मांड्या उचलतच नाहीत."

सराव असा: रोज पहाटे दोनदा 800 जीव तोडून, मग 100-100 च्या धावा, मधे जेमतेम अर्धा मिनिट. सुट्टी नाही. तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं, रोज पळल्याशिवाय वेळ कमी होत नाही. मुलगी संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरते.

मैदानावर सल्ल्यांना तोटा नाही. कोणी म्हणतं लॅक्टिक ॲसिड साचलंय, तेलानं मालिश करून बाहेर काढा. कोणी म्हणतं पळायच्या आधी ग्लुकोज घ्या. शरीरात ऊर्जेच्या तीन यंत्रणा असतात, इतकं वाचलंय. पण 800 मीटर नेमकं कोणत्या यंत्रणेवर चालतं? दोन धावांमध्ये किती थांबायचं? रोज पूर्ण वेगानं पळणं बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सांगा. पोरीची मेहनत डोळ्यांसमोर वाया जाताना बघवत नाही.

शिट्टी
दादा, दोन्ही फेऱ्यांच्या वेळा वेगळ्या घेतल्यात, फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

स्नायूला थेट चालवतं ते एटीपी, म्हणजे पेशीतलं तयार इंधन. त्याचा तयार साठा जोरदार धावेत दोन-तीन सेकंद पुरेल इतकाच असतो, म्हणून तो सतत बनवत राहावा लागतो. सगळ्यात झटपट बनतो क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूतल्याच राखीव साठ्यापासून. गोळाफेक आणि 100 मीटरचा सुरुवातीचा झपाटा त्यावर, पण दहाएक सेकंदांत हा फॉस्फेटचा साठा बराचसा उतरतो. दुसरा मार्ग म्हणजे स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) ऑक्सिजनशिवाय फोडणं. यानं वेग मिळतो, पण लॅक्टेट (लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) आणि आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन वाढत जातात. तिसरा ऑक्सिजनचा. सावकाश, पण लांब पल्ल्याचा. एक संपला की दुसरा सुरू, असं मात्र समजू नका. तिन्ही पहिल्या पावलापासून चालू असतात, फक्त प्रत्येकाचा वाटा बदलत जातो.

आता खरी गोष्ट. 800 मीटरला बहुतेक जण दुसऱ्या यंत्रणेची शर्यत समजतात. सरावलेल्या धावपटूंमध्येसुद्धा त्यातली साधारण 60 ते 70 टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गानं येते. तीन मिनिटांच्या धावेत तर त्याहून थोडी जास्तच. तुमची बहीण नेमकी हीच यंत्रणा वाढवत नाहीये.

पहिली फेरी 75 मध्ये म्हणजे तिच्या ऑक्सिजनच्या कुवतीपेक्षा फार वेगात. वरची सगळी भर ग्लायकोजेन फोडून निघते आणि फेरी संपेपर्यंत स्नायूत हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट इतकं वाढतं की आकुंचनच दुबळं होतं. मांडी उचलत नाही ती यामुळे. 2:50 म्हणजे 85 आणि 85. तिला पहिली फेरी 83-84 मध्ये पळायला शिकवा. सुरुवातीला ते तिला हळू वाटेल, शेजारच्या मुली पुढे जातील, तरी जाऊ द्या. एवढ्यानंच काही सेकंद सुटतील.

रोज पूर्ण वेगात 800 आजपासून बंद. आठवड्यात तीन दिवस अर्धा ते पाऊण तास संथ पळणं, इतकं संथ की पळता पळता तुमच्याशी बोलता आलं पाहिजे. यानं स्नायूतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. एक दिवस 400 च्या चार धावा, प्रत्येकी 86-88 सेकंदांत, मधे तीन-चार मिनिटं चालणं. एक दिवस वेगाचा: 60 मीटरच्या पाच-सहा धावा, त्याच दिवशी गोळा. उरलेल्या दोनपैकी एक दिवस पूर्ण आराम, दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम.

वेगाच्या दिवशी प्रत्येक धावेनंतर तीन मिनिटं थांबायचं म्हणजे थांबायचंच. क्रिएटिन फॉस्फेट निम्मं भरायला साधारण अर्धा मिनिट लागतं, जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच. अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीनं दहा वेळा 100 पळलं की तिसऱ्या-चौथ्या धावेपासून तो वेगाचा सराव राहतच नाही, नुसता थकण्याचा होतो. आपल्याकडे कितीतरी गुणी मुलं अशी मैदानावरच झिजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माणदेशी
सर, मनापासून आभार. संथ पळण्याला ती आळशीपणा समजते, पण आता पटवतो. मग जिना उतरताना दुखतं ते लॅक्टिकमुळे नाही का?

शिट्टी
नाही. धाव संपल्यावर तासाभरात लॅक्टेट बहुतेक पूर्वपदावर येतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, काही यकृतात जाऊन परत ग्लुकोज होतं. दहा मिनिटं हळू पळलं तर ते लवकर उतरतं. मालिशनं बरं वाटतं, पण लॅक्टेट काही त्यानं निघत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेचं. त्याला झोप आणि दिवस द्यावे लागतात. दुखणं नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल तर मात्र पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

ओवी_आरोग्य
दादा, एक गोष्ट राहिली. ताईंचं हिमोग्लोबिन तपासलंय का? ऑक्सिजनच्या यंत्रणेला ऑक्सिजन पोचवतं रक्त. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर कितीही चांगला सराव केला तरी वेळ अडून राहू शकते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. गोळ्या लागल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. जेवणात मटकीची उसळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून; आणि चहा जेवणाला लागून नको, तासाभराचं अंतर ठेवा. त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही.

आणि मुली वजन वाढेल म्हणून भाकरी-भात कमी करतात, तेही बघा. ग्लायकोजेन पिष्टमय पदार्थांतूनच भरतं आणि नीट खाल्लं तरी पूर्ण भरायला दिवसभर लागतो. पळून आल्यावर नुसता चहा पिऊन दुपारपर्यंत थांबणं एकदम बंद. केळं, गूळ-शेंगदाणे, पोहे, उकडलेलं अंडं, घरात असेल ते तासाभरात पोटात गेलं पाहिजे.

माणदेशी
ताई, भाकरी अर्धीच खाते, हे अगदी खरं आहे. तपासणी याच आठवड्यात करतो. शेवटचं विचारतो, तिन्ही प्रकार एकाच दिवशी झाले तर मधल्या वेळेत काय करायचं?

शिट्टी
आदल्या रात्री पोटभर वरण-भात, सकाळी दोन तास आधी पोहे किंवा केळं. तीन मिनिटांच्या धावेला लागणारं ग्लायकोजेन स्नायूत आधीच असतं, त्यामुळे ऐनवेळच्या ग्लुकोजनं वेळ कमी होत नाही. 800 नंतर लगेच बसू देऊ नका. दहा मिनिटं चालू द्या, पाणी घोट-घोट. 100 मीटरच्या आधी पंधराएक मिनिटं परत अंग गरम करायचं, दोन छोटे झपाटे मारायचे आणि मग नाव पुकारेपर्यंत अंगात जॅकेट.