‘हार्डवर्किंग पब रॉक बँड’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न : डॉ. फीलगुड या इंग्लिश बँडवर लेख लिहितोय. ‘हार्डवर्किंग पब रॉक बँड’ हे वर्णन मराठीत आणताना अडलोय. ‘कष्टाळू’ म्हटलं की शेतावर राबणारा माणूस दिसतो. ‘पब’ म्हटलं की पुण्या-मुंबईतली डीजेवाली महागडी जागा. आणि ‘गिग’ला, म्हणजे बँड एखाद्या ठिकाणी जाऊन वाजवतो त्याला, काय म्हणावं?

उत्तर : ‘पब रॉक’ तसंच ठेवा, फक्त तिकडचा पब म्हणजे काय ते सुरुवातीलाच सांगून टाका. वस्तीतली रोजची बसायची जागा, एका कोपऱ्यात किंवा तळघरात बँड. लंडनच्या केंटिश टाउनमधल्या ‘टॅली हो’ पबात १९७१ साली एग्ज ओव्हर ईझी हा अमेरिकन बँड वाजवू लागला, मग इस्लिंग्टनचं ‘होप अँड अँकर’ वगैरे. नाव जागेवरून पडलंय, संगीताच्या चालीवरून नाही. ब्रिन्स्ली श्वार्ट्झ हा बँड कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकन ग्रामीण शैलीकडे झुकणारा, फीलगुडचं कडक रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ठेक्याचं संगीत. तरी दोघंही पब रॉकच.

‘गिग’ला सगळ्यात जवळचा शब्द ‘सुपारी’. तमाशावाले, ऑर्केस्ट्रावाले अजून सर्रास म्हणतात. पण बातम्यांनी तो खुनाला चिकटवलाय, त्यामुळे लेखात घोटाळा होईल. ‘प्रयोग’ नाटकाचा. ‘मैफल’ तर नकोच! काळी टेलिकास्टर गिटार घेऊन, पिक (तारा छेडायची चकती) न वापरता नुसत्या बोटांनी तारा झोडत, स्टेजवर झटक्यात पुढे-मागे धावणारा फीलगुडचा गिटारवाला विल्को जॉन्सन आणि शेजारी मळक्या पांढऱ्या सुटात घामाने निथळणारा, हार्मोनिका वाजवणारा त्यांचा गायक ली ब्रिलो, याला मैफल कोण म्हणेल? सरळ ‘कार्यक्रम’ लिहा.

दुसरं उत्तर : ‘हार्डवर्किंग’साठी विशेषण शोधूच नका, मराठीत हे काम क्रियापद करतं. ‘वाजवून वाजवून वर आलेला बँड’ म्हणा. थेम्सच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही बेटावरची ही पोरं १९७१ मध्ये एकत्र आली, पहिला अल्बम यायला १९७५ उजाडलं. १९७६ चा ‘स्टुपिडिटी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तो प्रत्यक्ष कार्यक्रमांतलं ध्वनिमुद्रण होता. पुढच्याच वर्षी विल्को बाहेर पडला. इतर कुणी गाशा गुंडाळला असता. यांनी जिपी मेयोला गिटारवर घेतलं आणि १९७९ मध्ये ‘मिल्क अँड अल्कोहोल’ हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत नेलं. मूळचे बाकी सगळे गेल्यावरही लीने बँड चालवला. जानेवारी १९९४ मध्ये आजारी असताना तो कॅन्व्हीवरच गायला, एप्रिलमध्ये कर्करोगाने गेला. हा क्रम मांडलात तर ‘कष्टाळू’ची गरजच पडणार नाही.

‘मेहनती’सुद्धा टाळा. आपल्याकडे गाण्याच्या संदर्भात मेहनत म्हणजे रियाज, गुरूसमोर बसून केलेली. इथली मेहनत श्रोत्यांसमोरची आहे, आज या गावात, उद्या त्या गावात.

प्रश्नकर्ता : मग ‘पब गाजवत फिरणारा बँड’ चालेल? जुन्या फिरत्या नाटक मंडळ्यांची आठवण होते म्हणून सुचलं.

दुसरं उत्तर : चालेल काय, छानच आहे. ‘फिरणारा’मध्ये दौरेही आले, ‘गाजवत’मध्ये आवाजही. मथळ्यात हेच घ्या आणि ‘पब रॉक’ खालच्या मजकुरात येऊ द्या.